आग कशी लागली हे ठरवणारा माणूस: हा पेशा आपल्याकडे आहे का?

निपाणीहून एका तरुणाने विचारलंय. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाला आहे, घरचा ऊस आहे. प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या भागात उन्हाळ्यात गवतगंज्या पेटतात, गळीत हंगामात उसाचे फड जळतात, मधेच एखादं गोदाम जातं. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली ओळ असते, 'शॉर्ट सर्किटने आग'. हे कारण ठरवतं कोण? आग आणि जाळपोळ तपासणारे खास तज्ज्ञ परदेशात असतात असं वाचलं. आपल्याकडे हा पेशा आहे का, आणि त्यात शिरायचं तर काय शिकायचं?"

मी विद्युत अभियंता. बेळगावात विमा सर्वेक्षक म्हणून काम करतो आणि त्यातला मोठा भाग आगीच्या दाव्यांचा आहे. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

काम आहे, आणि भरपूर आहे. पण 'आग तपासनीस' अशी पाटी असलेली खुर्ची आपल्या जिल्ह्यात सापडणार नाही. ते काम चार-पाच जणांत वाटलं गेलंय. अग्निशमन दलाचा स्टेशन ऑफिसर आग विझवल्यावर अहवाल देतो, त्यात 'संभाव्य कारण' हा रकाना असतो. पोलीस महजर (पंचनामा) करतात आणि संशय असेल तर गुन्हा नोंदवतात. जप्त केलेले नमुने बेळगावच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. विजेचा संबंध दिसला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षक चौकशी करतो. आणि विमा असेल तर माझ्यासारखा सर्वेक्षक जातो. ज्याला तुम्ही परदेशी तज्ज्ञ म्हणता, तो या सगळ्यांचं ज्ञान एकाच डोक्यात बाळगणारा माणूस. आपल्याकडे असा माणूस नेमला जात नाही, या पाचांपैकी एखादा स्वतःच्या हौसेने आणि कष्टाने तसा घडतो.

'शॉर्ट सर्किट' मात्र बहुतेक वेळा कुणीच शोधलेलं नसतं. रात्रभर बंबावर राबलेल्या माणसाला सकाळी रकाना भरायचा असतो, वार्ताहराला ओळ हवी असते, मालकालाही ते कारण सोयीचं वाटतं कारण त्यात कुणाचा दोष निघत नाही. खरी अडचण अशी की जळालेल्या इमारतीत वायरी एकमेकींना चिकटलेल्या आणि टोकाला तांब्याचे मणी आलेले जवळजवळ नेहमीच दिसतात. आगीनेच वायरीवरचं आवरण वितळतं, तारा उघड्या पडतात, वीज चालू असेल तर त्या भिडून ठिणगी पडते आणि मणी तयार होतो. म्हणजे तो मणी आगीचा परिणामही असू शकतो. त्यावरून खात्रीने एवढंच म्हणता येतं की आग तिथे पोचली तेव्हा वायरीत वीज होती. बाकीचं पुढे शोधायचं.

बेळगावच्या वडगाव-खासबाग भागातल्या एका यंत्रमागाच्या शेडचं उदाहरण देतो. छपराचे पत्रे खाली आलेले, मागांवर ओल्या राखेचा थर. उत्तरेच्या भिंतीवरच्या वायरिंगला जागोजागी मणी, आणि सगळ्यांची बोटं तिकडेच. अशा ठिकाणी पहिलं काम म्हणजे काहीही न हलवता फोटो काढणं, मग जमिनीवर दोरीने चौकोन आखून एकेक थर उचलणं. वरचा पत्रा, त्याखाली जळालेले वासे, त्याखाली सूत, त्याखाली माग. कोणती वस्तू कशाच्या खाली सापडली याला फार महत्त्व आहे, कारण जे खाली आहे ते आधी पडलेलं असतं. मधल्या रांगेत एका मागापाशी लाकडी भाग खालून वर जळालेले होते, शेजारच्या मागांचे वरून खाली. त्या मागाच्या मोटरीचा शाफ्ट हाताने फिरेना. उघडून पाहिलं तर बेअरिंग जाम, शाफ्टवर तापून आलेला निळा रंग, आणि मोटरीच्या फटींत सुताच्या भुग्याची करपलेली खपली. स्टार्टरच्या फ्यूजला मूळ तारेऐवजी जाड तार घातलेली. जाम झालेली मोटर जास्त वीज ओढत राहिली, फ्यूज गेला नाही, भुगा पेटला. उत्तरेच्या भिंतीवरचे मणी नंतरचे.

दावा तर 'शॉर्ट सर्किट' लिहूनही मंजूर झाला असता. पण त्या गल्लीत तशाच मोटरी, तशाच जाड तारा आणि तसाच भुगा शेडोशेडी होता. कारण नेमकं कळलं म्हणून शेजाऱ्यांना काय बदलायचं ते सांगता आलं. माझ्या मते या पेशाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, आणि पैसे मात्र त्याचे कुणी देत नाही.

त्याच शेडमध्ये दुसरा प्रश्न मालाचा होता. लोकांना वाटतं कापड जळून राख झालं की मोजणार काय? पण घट्ट गुंडाळलेलं थान सहजासहजी आतपर्यंत जळत नाही, कारण आत हवा जात नाही. बाहेरून कोळसा, आतून शाबूत गाभा. बीमचे, म्हणजे मागावर सूत गुंडाळायच्या रुळांचे, लोखंडी दांडे कुठे जात नाहीत, ते सरळ मोजता येतात. दाव्यात शेकडो थानं असतील आणि ढिगाऱ्यात त्या प्रमाणात गाभे नसतील, तर खरेदीची बिलं आणि जीएसटीची विवरणपत्रं मागवायची वेळ येते. निपाणीच्या तंबाखूच्या गोदामांतही असंच. पोत्यांची थप्पी आतून कित्येक दिवस धुमसते, म्हणून उपसताना पाणी आणि माणूस दोन्ही हाताशी ठेवावे लागतात.

आता तुमच्या उसाकडे येतो. फड जळाला की पहिला संशय वरून जाणाऱ्या तारांवर. तो पुष्कळदा खरा असतो. उन्हात आणि वाऱ्यात सैल तारा एकमेकींवर आपटतात आणि ॲल्युमिनियमचे वितळलेले कण खाली पाचटावर पडतात. पण ते सिद्ध करायला दोन खांबांच्या मधोमध, शेजारशेजारच्या दोन तारांवर समोरासमोर आलेले खड्डे दिसायला हवेत. दुसऱ्या दिवशी लाइनमन तार ओढून ताणतो, तुकडा बदलतो, आणि पुरावा गेला. म्हणून शेतकऱ्याला माझं सांगणं असतं: आधी मोबाईलवर तारांचा, खांबांचा आणि खालच्या जमिनीचा फोटो काढा, मग तलाठ्याकडे जा. दुसरा पुरावा उपकेंद्रातल्या नोंदवहीत असतो. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, किती वाजता ट्रिप झाला (आपोआप बंद पडला), त्या वेळी पंपांची थ्री-फेज चालू होती का, हे तिथे लिहिलेलं असतं. गावकऱ्यांनी धूर दुपारी दोनला पाहिला आणि फीडर बाराला बंद झाला असेल, तर तारेचा मुद्दा तिथेच संपतो. ही नोंद मिळवायला कष्ट पडतात, पण वीज कंपनी आणि शेतकरी यांच्यातला निम्मा वाद ती मिटवते.

आग कुठून कुठे गेली हे फडच सांगतो. दगडाची, खांबाची किंवा बुडख्याची जी बाजू आगीकडे होती ती जास्त करपते, पाठीमागची बाजू वाचते. गवताच्या काड्या खालून जळून पडतात तेव्हा बऱ्याचदा आग आली त्याच दिशेला झुकतात. अशा खुणा एकेक करून झेंडे लावत मागे मागे गेलं की उगमाजवळ पोचता येतं. तिथे आग छोटी असते, म्हणून जळण्याच्या खुणाही कमी तीव्र असतात. नवखा माणूस सगळ्यात जास्त जळालेल्या जागी शोधत बसतो आणि चुकतो. कधी उगम बांधावर निघतो, शेजाऱ्याने पाचट पेटवलेलं असतं. कधी तो रस्त्याकडेला निघतो. आणि कधी, हे मोकळेपणाने बोलायला हवं, ऊसतोडीची टोळी येत नाही, ऊस वाळत चाललाय, जळीत उसाला तोड लवकर मिळते म्हणून कुणीतरी काडी लावलेली असते. त्यामागची हतबलता मला कळते, जळीत उसाच्या पैशातली कपात सोसूनही माणूस तसं करतो. पण अहवालात जे दिसलं तेच लिहावं लागतं.

गवतगंजीबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की गवत आपोआप पेटतं. पेटू शकतं. गंजी रचताना ओल साधारण वीस टक्क्यांच्या वर असेल, तर सूक्ष्मजीवांमुळे आत ऊब वाढते, पुढे रासायनिक क्रिया तापमान चढवते आणि काही आठवड्यांत आतून कोळसा होतो. पण त्यासाठी ढीग मोठा आणि दाबलेला हवा, नाहीतर उष्णता निघून जाते. आपल्याकडे सुगीनंतर उन्हात खडखडीत वाळलेलं पिंजर (पेंढा) रचतात. मार्च-एप्रिलमध्ये पेटलेल्या तशा गंजीला मी स्वयंज्वलन म्हणायला सहज तयार होत नाही, बाहेरची ठिणगी आधी शोधतो. साखर कारखान्याच्या आवारातल्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) डोंगराची गोष्ट वेगळी, तिथे आतून तापणं ही खरीखुरी शक्यता आहे. याला पैशाची बाजूही आहे. प्रमाणित अग्निविम्यात माल स्वतःच्या आंबण्याने, तापण्याने किंवा स्वयंज्वलनाने जळाला तर त्या मालाची भरपाई मिळत नाही, जादा हप्ता भरून ते संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. म्हणजे माझ्या एका शब्दावर लाखोंचा फरक पडतो. तो शब्द पुराव्याशिवाय वापरायचा मला हक्क नाही.

जाळपोळीच्या तपासात तर हे आणखी कडक पाळावं लागतं. अमेरिकेतल्या टेक्ससमधलं कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमचं प्रकरण या पेशातल्या प्रत्येकाने वाचावं. १९९१ मध्ये घराला आग लागून त्याच्या तीन मुली गेल्या. तपासनीसांनी फरशीवरचे डाग पाहून 'इथे इंधन ओतलं' म्हटलं, काचेवरचे जाळीदार तडे पाहून 'आग फार झपाट्याने भडकली' म्हटलं. २००४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. तसे डाग खोली पूर्ण पेटल्यावर इंधनाशिवायही पडतात, आणि तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं की तसे तडे जातात, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. छताजवळचा धूर पाच-सहाशे अंशांवर गेला की खोलीतलं सगळं जवळजवळ एकदम पेटतं. त्यानंतर भिंतीवरच्या खुणा आगीच्या उगमापेक्षा दारं-खिडक्यांतून येणाऱ्या हवेबद्दल जास्त सांगतात. २००५ मध्ये लास वेगासला एक चाचणी झाली. दोन खोल्या अशा अवस्थेपर्यंत जाळून ५३ तपासनीसांना विचारलं, आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली? प्रत्येक खोलीसाठी बरोबर उत्तर फक्त ३ जणांनी दिलं. हे आकडे डोळ्यांसमोर असले की माणूस शब्द जपून वापरतो. आपल्याकडे अजूनही 'तांबं वितळलं म्हणजे पेट्रोल होतं' असं ऐकायला मिळतं. तांबं १०८५ अंशांना वितळतं, आणि नीट हवा मिळालेली साधी लाकडाची आगही ठिकठिकाणी तिथवर जाते.

इंधन होतं का, याचं उत्तर प्रयोगशाळा देते, आणि तिथे तुमचं रसायनशास्त्र थेट कामाला येतं. नमुना घ्यायचा तो स्वच्छ, नव्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत. साध्या प्लास्टिक पिशवीतून पेट्रोलची वाफ निघून जाते, बाहेरची आतही येते. फरशीच्या भेगा, उंबऱ्याखालची माती, जळालेल्या लाकडाची खालची बाजू इथे इंधन टिकतं. मातीतले जिवाणू ते खातात, म्हणून मातीचा नमुना थंड ठेवावा लागतो. शिवाय त्याच खोलीतला, पण संशय नसलेल्या जागेचा नमुना हवाच, कारण जळालेल्या फोम-प्लास्टिकमधूनही पेट्रोलमधली काही रसायनं निघतात. गॅस क्रोमॅटोग्राफ या रसायनं वेगळी करणाऱ्या यंत्राच्या आलेखावर ती वेगळी ओळखणं ही खरी विद्या आहे.

बाईच्या जळीत मृत्यूबद्दल लिहिताना हात जड होतो, पण ते टाळलं तर उत्तर अपुरं राहील. 'स्टोव्ह भडकला' हे वाक्य आपल्या दोन-तीन पिढ्यांनी ऐकलंय, आता त्या जागी 'गॅस लीक झाला' आलंय. लग्नाला ७ वर्षं झालेली नसतील तर चौकशी दंडाधिकाऱ्यांकडे जाते. स्टोव्ह खरंच फुटला असेल तर टाकीची शिवण उघडलेली किंवा पत्रा फुगलेला दिसतो. धड टाकी, धड बर्नर आणि स्फोटाची गोष्ट हे जुळत नाही. गॅसचं तसंच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. शेगडीच्या कळा कुठल्या स्थितीत होत्या, रेग्युलेटर चालू होता का, रबरी नळी कुठे तुटली, हे पाहिल्याशिवाय काही बोलू नये. श्वासनलिकेत काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला तर आग लागली तेव्हा माणूस जिवंत होता, हे शवविच्छेदन सांगतं. दुर्दैवाने आपण पोचेपर्यंत घरच्यांनी स्वयंपाकघर धुऊन काढलेलं असतं. कधी ते लपवण्यासाठी, पण कधी निव्वळ दुःखाने, आणि तपासनीसाला दोन्ही शक्यता मनात धरूनच दारात उभं राहावं लागतं. इथली चूक दोन्हीकडून जीवघेणी ठरते.

कायद्यामुळे या कामाला आता मागणी येणार आहे. १ जुलै २०२४ पासून जाळपोळ भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आली. राहतं घर किंवा मालाचं गोदाम पेटवण्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७६ नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होतंय, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार. तुमच्यासाठी मला हीच वाट सरळ दिसते: न्यायवैद्यक विज्ञानात एम.एस्सी. करा. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं धारवाडला केंद्र झालंय, गांधीनगर गाठायलाच हवं असं राहिलं नाही. अग्निशमन दलाची ओढ असेल तर स्टेशन ऑफिसरची भरती पाहा, राज्याची प्रशिक्षण अकादमी बेंगळुरूला आहे. आगीचं अभियांत्रिकी शिक्षण हवं असलेल्यांसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ पासूनचं. सर्वेक्षकाचा परवाना मुख्यतः अभियंत्यांना, लेखापालांना आणि विम्याची पात्रता मिळवलेल्यांना मिळतो. तुम्हाला ती वेगळी घ्यावी लागेल, शिवाय जुन्या सर्वेक्षकाच्या हाताखाली उमेदवारी. सुरुवातीची वर्षं मोटारींच्या अपघातांवरच पोट भरावं लागतं, आगीचे दावे विश्वास बसल्यावर येतात.

घरबसल्या आजच सुरू करता येईल असंही काही आहे. जाळपोळ तपासनीसांची आंतरराष्ट्रीय संघटना १९४९ पासून काम करते, तिचं 'सीएफआय ट्रेनर' हे ऑनलाइन प्रशिक्षण मोफत आहे. एनएफपीए ९२१ ही आग-तपासाची अमेरिकी मार्गदर्शिका १९९२ मध्ये पहिल्यांदा निघाली, तिच्या नव्या आवृत्त्या येत राहतात. ती वाचल्याशिवाय या विषयावर तोंड उघडू नये असं माझं मत आहे. तिने २०११ मध्ये एक पद्धत स्पष्ट नाकारली: बाकी सगळी कारणं बाद झाली म्हणून उरलेलं कारण, पुरावा नसतानाही, खरं मानणं. आपले कितीतरी 'शॉर्ट सर्किट' आणि कितीतरी 'जाळपोळ' याच पद्धतीने लिहिले जातात. अशा वेळी 'कारण निश्चित करता आलं नाही' हे लिहायची हिंमत हवी. विमा कंपनीला ते आवडत नाही, पण त्यामुळे प्रामाणिक विमेदाराचं नुकसान होण्याचं कारण नाही. आग विमेदाराने लावलेली नसेल तर नेमकं कारण शॉर्ट सर्किट की आणखी काही याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय.

कन्नड पक्की करा. कर्नाटकातल्या सरकारी भरतीत ती लागतेच, पण त्याहून मोठं कारण कामाचं आहे. महजर कन्नडमध्ये असतो आणि आपल्या गावांतली म्हातारी साक्षीदार मराठीत सांगते. 'आधी धूर बघितला, मग लाईट गेली' आणि 'आधी लाईट गेली, मग धूर' यात अख्खा तपास फिरतो. दोन्ही भाषांत तो क्रम जसाच्या तसा नेणारा माणूस प्रयोगशाळेला, पोलिसांना आणि कोर्टालाही हवा असतो.

आणि तब्येतीचं. आग विझली की जागा सुरक्षित झाली असं समजून लोक चप्पल घालून राखेत शिरतात. जुन्या शेडांवरचे सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात, फुटल्यावर त्याची धूळ उडते. थंड दिसणाऱ्या ढिगाऱ्यातूनही विषारी वायू येत राहतात. रुमाल बांधून भागत नाही, गाळणीचा चांगला रेस्पिरेटर, जाड तळाचे बूट आणि हातमोजे लागतात. वीज तोडल्याची खात्री स्वतः टेस्टरने करायची, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. कामाचे कपडे घरी पोरांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. शिकाऊ म्हणून कुणाबरोबर जाल, त्यांनी हे सामान दिलं नाही तर स्वतःच्या पैशाने घ्या, पण त्याशिवाय आत पाऊल टाकू नका.